बुधवारची बग्गी

मागून टापांचा आवाज आला तेव्हा लायल होवडाने वळून पाहिलं नाही. ऑक्टोबरची सकाळ होती, अजून नीट उजाडलं नव्हतं. रस्त्याकडेच्या मक्याच्या वाळक्या ताटांवर दव गोठलं होतं. दहा वाजायच्या आत त्याला अकरा मैल तुडवायचे होते. साडेतीन मैल झाले होते, आणि उजव्या बुटात टाच सोलवटून निघाली होती. टापा मंदावल्या, मग थांबल्या. घोड्याच्या नाकातली वाफ त्याच्या खांद्यावरून पुढे गेली.

"कोर्टात का?" मागून कुणीतरी विचारलं.

"हो."

"बस."

तेव्हा त्याने वळून पाहिलं आणि जागच्या जागी थिजला. काळी बग्गी, काळी रुंद टोपी, मिशी साफ काढलेली आणि छातीपर्यंत करडी दाढी. एनॉस हर्शबर्गर. मे महिन्यात लायलने ज्याची घोडी मारली होती, तो.

"मी जाईन चालत," लायल म्हणाला. "थोडंच राहिलंय."

"साडेसात मैल म्हणजे थोडं? घोडं थंडीत उभं ठेवत नाहीत. बस म्हणजे बस, नको तर नको म्हण. पण काय ते लवकर ठरव."

लायल बसला. दुसरं काय करणार होता? मागे अंड्यांचे खोके दोरीने आवळून ठेवले होते. त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले.

लायल चोपन्न वर्षांचा. सव्वीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला होता. कुठल्या गोठ्याच्या वाटेला चिखल असतो, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच धरतं, हे त्याला पाठ. टँकरवर असताना थेंबसुद्धा घ्यायचा नाही, हा त्याचा बाणा. ‘दुधाच्या गाडीवर कधी घेतली नाही’ असं तो छाती पुढे काढून सांगायचा आणि त्या एका वाक्याआड बाकी सगळं लपवायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याची बायको गेल बहिणीकडे आयोवाला म्हणून गेली ती आलीच नाही. तेव्हाही त्याने तिला हेच वाक्य ऐकवलं होतं.

विस्कॉन्सिनमध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलं तर दंड भरून माणूस घरी येतो. लायल तसा आला होता. दुसऱ्यांदा आठवडाभर आत बसला. तिसऱ्यांदा तीन महिने. चौथ्यांदा मात्र कायद्याचा सूर बदलतो. त्या खेपेला तो गंभीर गुन्हा होतो आणि माणसाच्या नावाला जन्मभर चिकटतो.

ही चौथी खेप मेमधल्या शनिवारी दुपारी साडेचारला, लख्ख उन्हात झाली. नॉर्वेजियन चर्चजवळच्या चौकात थांबायची पाटी आहे. लायलची गाडी तिथे थांबली नाही. समोरून एनॉसची बायको लव्हिना बग्गी हाकत बहिणीकडे चालली होती. ती उडून चरातल्या गवतात पडली आणि खरचटण्यावर निभावलं. घोडीचे पुढचे दोन्ही पाय मोडले. शेरीफचा माणूस येईपर्यंत लव्हिना तिचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसून होती. मग त्या माणसाने तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि एक गोळी झाडली.

आमिश लोक मोटार चालवत नाहीत आणि कोर्टकचेरीतही पडत नाहीत. हर्शबर्गरांनी तक्रार केली नाही, भरपाई मागितली नाही. सरकारी वकिलाने लायलपुढे दोन वाटा ठेवल्या. सरळ तीन वर्षं तुरुंगात जा, नाहीतर गुन्हा कबूल कर, तीन वर्षं डोक्यावर टांगलेली राहतील, आणि ड्रग कोर्टात ये. दर बुधवारी न्यायाधीशांपुढे उभं राहायचं. रोज सकाळी फोनवर एक रंग सांगतात. आपला रंग निघाला की दवाखान्यात जाऊन लघवी तपासून घ्यायची. गटाच्या बैठका, काम, आणि थेंबभरही दारू नाही. नाव ड्रग कोर्ट असलं तरी तिथे गोळ्यावाले, सुईवाले आणि लायलसारखे दारूवाले सगळे एकाच बाकावर. त्याने दुसरी वाट धरली. परवाना गेला, दहा वर्षं मागायचासुद्धा नाही. टँकर गेला. हरणाच्या शिकारीची बंदूक चुलतभावाच्या, रॉजरच्या, हवाली करावी लागली. गुन्हेगाराला बंदूक ठेवता येत नाही. आता तो शेजारच्या गोठ्यात दूध काढायच्या नळ्या धूत होता. रॉजरने चार महिने त्याला कोर्टात पोचवलं, मग कारखान्यात त्याची पाळी बदलली. एक बुधवार चुकला तर रात्र कोठडीत, तीन चुकले तर तुरुंग. म्हणून तो चालत निघाला होता.

गावाची पाण्याची टाकी दिसायला लागली तेव्हा त्याच्याच्याने राहवेना.

"तुम्ही मला का नेताय?"

एनॉसने लगाम जरा सैल सोडला. "आमच्यात माफ करायचं असतं. मेमध्येच केलं मी. सगळ्या मंडळींपुढं उभा राहून बोललो. तोंडानं झालं. आत काही उतरलेलं नाही अजून." त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "बुधवारी अंडी घेऊन मला यायचंच असतं. म्हटलं, शेजारी बसवून बघू, उतरतंय का."

"आणि नाही उतरलं तर?"

"तुझा बुधवार तरी चुकणार नाही."

कोर्टाच्या मागे गाड्या लावायची जागा होती. एनॉसने बग्गी तिथे कुंपणाला बांधली आणि अंडी पोचवायला निघून गेला. पायऱ्यांवर मार्नी ब्लेख सिगारेट ओढत उभी होती. तिशीतली, वाळकी, समोरचे दोन दात गेलेले. बर्फासारख्या दिसणाऱ्या त्या नशेच्या खड्यांनी तिचे दातही नेले होते आणि दोन मुलंही. मुलं सरकारने दुसऱ्यांच्या घरी ठेवली होती.

"अगं बाई, आजोबा घोड्यावरून!" ती म्हणाली. "आता नुसती टोपी आणि पिस्तूल तेवढं राहिलं."

"पिस्तूल या जन्मात मिळायचं नाही मला."

"मग टोपी तरी घ्या. निम्मे हिरो व्हाल."

आत न्यायाधीश मॅरेन ओस्टबी एकेकाला नावाने पुढे बोलवत होत्या. साठीच्या बाई, चष्मा दोरीला लटकलेला, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्या प्रत्येकाला आधी एकच विचारायच्या.

"मिस्टर होवडा, किती दिवस?"

"एकशे सव्वीस, मॅडम."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथे रीतच होती तशी. लायलला सुरुवातीला त्या टाळ्यांची लाज वाटायची. मोठ्या माणसांना शाळेत बसवल्यासारखं वाटायचं. आता तो रात्री झोपताना तो आकडा मनात म्हणून बघायचा.

"आज आलात कसे? रॉजरची पाळी बदलली असं इथं लिहिलंय."

लायलने सांगितलं. ओस्टबीबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुणाच्या बग्गीतून म्हणालात?"

त्याने पुन्हा नाव सांगितलं. त्या बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या.

त्यानंतर दर बुधवारी बग्गी त्याच्या दारापुढे थांबायला लागली. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. एनॉस बोलका नव्हता, पण चौकस होता. कोर्टातली एकेक गोष्ट खोदून खोदून विचारायचा.

"लघवी तपासतात म्हणतोस. मग ती तूच आणलीस की दुसऱ्याची, हे कसं कळतं?"

"माणूस उभा असतो शेजारी."

"शेजारी म्हणजे?"

"म्हणजे शेजारी. बघत."

"आणि तू?"

"मी काय, मी भिंतीकडं बघतो."

एनॉस अर्धा मैल खांदे गदगदवत हसत होता. घोड्यानेसुद्धा कान मागे केले. "आमचा बिशप कडक आहे," शेवटी तो डोळे पुसत म्हणाला, "पण इतका नाही."

तोपर्यंत ‘तुम्ही’ गळून ‘तू’ कधी आलं, ते लायलला कळलं नाही.

लव्हिना मात्र त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. कधी एनॉस त्याला वाटेत आपल्या वाडीवर न्यायचा, तेव्हा ती अंड्यांचे खोके आणून मागे ठेवायची आणि त्याच्याकडे पाठ करून घरात जायची. काळ्या टोपड्याखाली तिचा चेहरा त्याने कधी पुरता पाहिला नव्हता. एनॉस एकदाच बोलला, "मेपासून तिनं लगाम हातात घेतलेला नाही. लहानपणापासून हाकायची. आता कुठं जायचं म्हणजे मी पाहिजे." एवढं बोलून तो लगेच चाऱ्याच्या विषयावर गेला.

आणि मग फेब्रुवारीतला तो रविवार आला.

रॉजरकडे फुटबॉलचा मोठा सामना बघायला पंधराजण जमले होते. लायल लिंबूपाणी घेऊन बसला होता, दुपारचे तीन वाजले होते, सगळे मजेत होते. कुणीतरी सहज म्हणालं, तुझा टँकर कंपनीने विकला, काल मिनेसोटाचा माणूस येऊन घेऊन गेला. बस, एवढंच. लायल उठला, स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यावरची ब्रँडी ग्लासात ओतून उभ्याउभ्या प्यायला. मग दोन बिअर. मग कोट चढवून चालत घरी आला. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

सोमवारी सकाळी त्याने फोन लावला. त्याचा रंग राखाडी. त्या दिवशी हिरवा निघाला. मंगळवारी पिवळा. बुधवारी सकाळी पुन्हा हिरवा. तीन दिवस उलटले की अंगात काही सापडत नाही, हे त्या बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे तो सुटला होता. तोंड मिटून ठेवायचं, बस.

बग्गीत त्याने एनॉसला सांगितलं.

एनॉसने लगाम दुसऱ्या हातात घेतला. घोडा आपल्या चालीने चालला होता. "मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "मी न्यायाधीश नाही."

"दुसरं कुणी नाही सांगायला."

"आहे की. दहा वाजता भेटणारच आहेस तिला."

"आत टाकतील मला. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावतील. दोनशे चाळीस दिवस झालेत, एनॉस. जवळजवळ दोनशे चाळीस."

"झालेत का?" एनॉस म्हणाला.

तो टोचून बोलला नव्हता. खरंच विचारत होता.

"मिस्टर होवडा, किती दिवस?" ओस्टबीबाईंनी विचारलं.

बाकावर मार्नीने टाळीसाठी हात वर धरलेच होते.

"तीन," लायल म्हणाला.

मार्नीचे हात तसेच हवेत राहिले. ओस्टबीबाईंनी समोरचा कागद उलटून पाहिला. "इथं तर सगळ्या तपासण्या स्वच्छ आहेत."

"हो मॅडम. रंग निघाला नाही माझा. रविवारी प्यायलो. एक ब्रँडी, दोन बिअर."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे बोलायला?"

"कुणी नाही."

बाई चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही लपवलं असतंत आणि मला पुढं कळलं असतं, तर आज तुमची तीन वर्षं सुरू झाली असती. आता शुक्रवारपर्यंत कोठडी, आणि हा टप्पा पुन्हा पहिल्यापासून. समजलं?"

"समजलं."

"आणि मिस्टर होवडा, तीन हाही आकडाच आहे." त्यांनी स्वतःच पहिली टाळी वाजवली.

बेड्या घालून नेताना त्याने शिपायाला विनवलं, मागे बग्गीवाला वाट बघत असेल, त्याला जा म्हणून सांगा. शिपाई पाच मिनिटांत परत आला. "म्हणाला, शुक्रवारी कितीला सोडतात ते विचारून ये. सांगितलं मी, अकराला."

शुक्रवारी अकराला तो कोठडीच्या दाराबाहेर आला तेव्हा रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता आणि ऊन इतकं पांढरं होतं की डोळे मिटावे लागले. उघडले तेव्हा समोर बग्गी होती. बग्गीत एनॉस नव्हता.

लव्हिना लगाम दोन्ही हातांत गच्च धरून बसली होती. मोजे नव्हते, बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"त्यांची पाठ धरलीय," ती समोर बघत म्हणाली. "उठता येत नाही. बसा."

तो बसला, अगदी कडेला, अर्धा बाहेर. ती घोड्याला नीट, सवयीने हाकत होती, पण मोटार जवळून गेली की तिचा श्वास थांबायचा आणि मोटार दूर गेली की सुटायचा. लायलने मोजलं नाही म्हटलं तरी सात मोटारी मोजल्या. त्याचाही श्वास तिच्याबरोबर थांबत होता.

चर्चजवळचा चौक आला. एनॉस दर वेळी त्या चौकातून न थांबता, मान न वळवता जायचा. लव्हिनाने पाटीपाशी घोडा थांबवला. दोन्हीकडे रस्ता रिकामा होता. तरी तिने पुढे घेतला नाही.

"तिचं नाव प्रिम," ती म्हणाली. "ती जन्मली तेव्हा आई तिला जवळ घेईना. बाटलीनं पाजलं मी. स्वयंपाकघरात ठेवली होती, चुलीजवळ."

लायलने मान खाली घातली.

"मला एक विचारायचंय. नऊ महिने झाले, विचारायचं होतं." आता तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. चेहरा साधा होता, उन्हाने तांबूस, डोळ्यांखाली सुरकुत्या. त्यात राग असेल असं त्याला वाटलं होतं. राग दिसला नाही. "मी तुम्हाला हाक मारली होती. दोनदा. ती पाय झाडत होती, मला एकटीला धरवत नव्हती. कुणीतरी तिच्या मानेवर हात ठेवायला हवा होता. तुम्ही गाडीत होता. उतरला का नाहीत?"

पोलिसांना, वकिलाला, गटाच्या बैठकीत, ओस्टबीबाईंना, सगळ्यांना लायलने एकच सांगितलं होतं. काही आठवत नाही. डोक्याला मार बसला होता, सगळं काळं झालं होतं. कागदावर तसंच लिहिलं होतं आणि त्याखाली त्याची सही होती. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

"मला आठवत..." त्याने सुरुवात केली.

मग थांबला.

"ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "दोन्ही हाका. सीटवर बाटली होती. ती मी सीटखाली ढकलत होतो. मग पुदिन्याच्या गोळ्या शोधत होतो, खिशात. पोलीस येईल, वास येईल म्हणून. चार-पाच एकदम तोंडात टाकल्या. काचेतून तुम्ही दिसत होता. मी दुसरीकडे तोंड केलं."

घोड्याने मान झटकली, घुंगरासारखी साखळी वाजली. लायलला वाटलं, आता लव्हिना उतरा म्हणेल. उतरायला त्याने पाय बाहेर काढलासुद्धा.

"म्हणजे ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मोठ्यानं?"

"हो. स्पष्ट."

तिने एक लांब श्वास सोडला. खांदे खाली आले. "मला वाटायचं, माझा आवाजच फुटला नाही," ती म्हणाली. "रात्री जाग यायची, हेच यायचं. मी ओरडतेय आणि आवाज निघत नाही. यांना सांगितलं तर म्हणायचे, देवाला ऐकू गेलं असेल. पण मला देवाचं नव्हतं विचारायचं."

तिचे डोळे भरले होते. तिने ते पुसले नाहीत, लगाम सोडावे लागले असते. लायलला माफी मागायची होती. ती त्याने कोर्टात पत्र लिहून मागितली होती, छापील नमुना बघून, सल्लागाराने तपासून दिलेली. त्यातला एकही शब्द इथे चालणार नव्हता.

"मी उतरायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," लव्हिना म्हणाली. "उतरायला हवं होतं." तिने दोन्हीकडे पाहिलं, जिभेने टक्क आवाज केला आणि घोडा चौक ओलांडून गेला.

पुढच्या बुधवारी लायलने भर कोर्टात सांगितलं की आपण लिहून दिलेलं खोटं आहे, आणि खरं काय ते सांगितलं. ओस्टबीबाईंनी ऐकून घेतलं. आज याला शिक्षा नाही, म्हणाल्या, पण कागद बदलून लिहून द्या. त्याने बदलून दिला. दहा दिवस झाले होते. टाळ्या वाजल्या.

तिथून पुढे काही अचाट घडलं नाही. दिवस एकेक करून साठत गेले. मार्नीची मुलं घरी आली, त्या आनंदात तिने समोरचे दोन दात बसवून घेतले आणि आठवडाभर सगळ्यांना कारण नसताना हसून दाखवलं. लायलला चीज कारखान्यात टाक्या धुवायचं कायमचं काम मिळालं. त्याच्या आणि एनॉसच्या बोलण्यात घोडी पुन्हा कधी आली नाही. एकदा उन्हाळ्यात, गवत कापून झाल्यावर, एनॉस आपणहून म्हणाला, "उतरलं बरं का ते. कधी ते कळलं नाही. मी राग शोधत होतो आणि तो जागेवर नव्हता." मग म्हणाला, "कदाचित परत येईल. सांगता येत नाही." लायल म्हणाला, आला तर सांग.

ड्रग कोर्टात आल्याला एकवीस महिने झाल्यावर, मार्चमध्ये, त्याचं ते सगळं पुरं झालं. त्या दिवशी ओस्टबीबाई आपल्या उंच खुर्चीवरून खाली उतरल्या आणि त्याचा हात हातात घेतला. डोक्यावरची तीन वर्षं पुसली गेली. गुन्हा मात्र नावावर राहिला, परवाना मिळालाच तर पासष्टीत, आणि बंदूक नाहीच. हे सगळं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि मग दोन शब्द बोला म्हणाल्या.

लायलने रात्रभर बसून पानभर लिहिलं होतं. ते खिशातच राहिलं. "मला वाटायचं, मी वाईट माणूस नाही, नुसता पितो," तो म्हणाला. "ते तसं नसतं. एवढंच." आणि बसला.

शेवटच्या बाकावर लव्हिना बसली होती आणि शेजारी एनॉस, टोपी मांडीवर घेऊन, दुसऱ्याच्या देवळात आल्यासारखा अवघडून. केक आला होता. एनॉसने दोन तुकडे खाल्ले.

पण कामकाज संपलं नव्हतं. एक नवं नाव पुकारलं गेलं. जोआन क्विस्ट. पन्नाशीची बाई, वृद्धाश्रमात परिचारिका, अंगावर अजून कामाचा निळा सदरा. चौथी खेप. हातातला कागद तिने घड्या घालघालून बारीक केला होता.

"तुमचं घर नॉर्वेजियन चर्चच्या पलीकडं," ओस्टबीबाई म्हणाल्या. "परवाना नाही. बुधवारी इथं येणार कशा?"

"माहीत नाही," जोआन पुटपुटली. "माझं कुणी नाही तिकडं."

लायल उभा राहिला. का उभा राहिला ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. "मॅडम, तिकडून बुधवारी बग्गी येते."

"मिस्टर होवडा, बग्गी तुमची आहे का?"

"नाही."

"ज्यांची आहे त्यांना विचारलंत?"

"नाही."

सगळे हसले. मागून एनॉस घसा खाकरून म्हणाला, "ही काय बस आहे का?" आणि लव्हिनाने त्याला कोपर मारलं. "पुढं तिघं मावतात," ती म्हणाली. भर कोर्टात तिचा आवाज खणखणीत वाजला. "घोंगडी मात्र आपली आपण आणायची."

परतताना लव्हिनाने लगाम घेतले. मधे एनॉस बसला, पाठ जपत, आणि कडेला जोआन. लायल न विचारता मागे गेला आणि अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांमधे, पाय बाहेर सोडून बसला. बर्फ वितळून चर भरून वाहत होते. गाव आणि कोर्टाचा घुमट त्याच्यापुढून हळूहळू लहान होत गेले.

"किती वेळ लागतो हो?" पुढून जोआनने विचारलं.

"दीड तास," लव्हिना म्हणाली. "शेवटाकडं एक चढ आहे. तिथं उतरून चालतो आम्ही सगळे. घोड्याला जड होतं."

चढ आला. लव्हिनाने घोडा हळू केला. एनॉस कण्हत उतरला, जोआन आपले कामावरचे पांढरे बूट सांभाळत उतरली. चिखल बघून ती जरा घुटमळली, मग घोड्याच्या बाजूने चालायला लागली. लायल आधीच उतरला होता. बग्गी आता अगदी हलकी झाली होती, घोडा सहज ओढत होता. तरी लायलने मागच्या फळीवर हात ठेवला आणि चढ संपेपर्यंत ती ढकलत राहिला.